कुलूपबंद घराची आगोट

राजापूर तालुक्यातलं आमचं घर मंगलोरी कौलांचं आहे आणि गेली काही वर्षं ते जूनपासून गणपतीपर्यंत बंद असतं. या दोन गोष्टी एकमेकींना मानवत नाहीत. कौलारू घर पावसाळ्यात आत माणूस राहणार असं धरूनच बांधलेलं असतं. शाकारून, म्हणजे कौलं परतून, झालं तरी चार थेंब कुठून तरी येणारच. ते बघायला, खाली बादली सरकवायला, चूल पेटती ठेवायला कोणीतरी आत असणार, हा हिशोब आधीच केलेला असतो. आम्ही नेमका तो माणूस उचलून डोंबिवलीला आणला. म्हणजे सासूबाईंना. गुडघे गेले, एकटीनं राहणं जमेना. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं माझ्याकडे आली. नवऱ्याला रजा नव्हती आणि मी शिक्षिका, मला सुट्टी. तोवर ही कामं सासूबाई एकहाती करवून घ्यायच्या आणि आम्ही आंबे खाऊन, फणसाच्या साठांची पिशवी घेऊन परत यायचो.

निघताना त्यांनी मला समोर बसवलं आणि बादल्या सांगितल्या. ओटीवर झोपाळ्याच्या डाव्या कडीखाली एक. माजघरात देवाच्या खोलीच्या दारापाशी एक, पण ती फक्त वारा पश्चिमेचा असेल तेव्हा. स्वयंपाकघरात फडताळासमोर दोन, आणि त्यातली एक मोठी हवी. न्हाणीच्या दारात बादली नको, तिथे पाणी पडलं तर पडू दे. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे घराचा आराखडा काढून त्यावर फुल्या मारल्या. नंतर सगळ्या कामात या कागदाइतका दुसऱ्या कशाचाच उपयोग झाला नाही.

आगोटीच्या कामांचं वेळापत्रक आमच्याकडे नक्षत्रांवर चालतं. २५ मेच्या आसपास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. रोहिणी लागायच्या आत छपरावरची माणसं खाली उतरलेली असावीत, असा जुना दंडक. मग एप्रिलमध्येच का नाही उरकून टाकत, असं मी लग्न झाल्यावर पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी फणसाकडे बोट दाखवलं होतं. फणस आणि आंबा तयार होऊ लागला की माकडं येतात, आणि त्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता आमच्या छपरावरून आहे. एप्रिलमध्ये बसवलेलं कौल मेपर्यंत जागेवर राहत नाही. म्हणून काम होईल तितकं उशिरा करायचं, पण पावसाच्या आधी. या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळ्या गावाला तीच चार माणसं हवी असतात.

आणि माणसं खरंच चारच आहेत. कौलांवर चालता येणारे जुने लोक थकले, पोरं मुंबई-पुण्याला. आंब्याच्या बागांमध्ये काम करणारे नेपाळी गडी मिळतात, पण ते झाडावर तरबेज, छपराची त्यांना सवय नाही, आणि हंगाम आटोपत आला की त्यांना घरची ओढ लागते. आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात ते नाना. वय सत्तरीच्या पुढे असावं. ते स्वतः आता फक्त खालच्या कडेपर्यंत चढतात, वर त्यांचा पुतण्या. पण सूचना सगळ्या खालून, आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा.

पहिलं काम मांडवाचं. दिवाळीनंतर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, घातलेला मांडव पावसाआधी उतरवावा लागतो, नाहीतर खांब बुडापाशी कुजतात. वरच्या वाळक्या झावळ्या चुलीला गेल्या, बऱ्या होत्या त्या पश्चिमेच्या भिंतीला आडोसा करायला बाजूला ठेवल्या. भिंत जांभ्या चिऱ्याची आहे, बाहेरून गिलावा नाही. जांभा पाणी पितो. झड थेट भिंतीवर बसली तर आतल्या बाजूला ऑगस्टपर्यंत ओल दिसते. पूर्वी विणलेली झापं लावत. आता विणणारं कोणी नाही म्हणून बहुतेक घरांना निळी ताडपत्री दिसते. आम्ही आत झावळ्या आणि वरून ताडपत्री असं दोन्ही केलं. दिसायला वाईट दिसतं, पण बंद घराकडे बघणार कोण?

छपराचं काम खरं म्हणजे आतून सुरू होतं. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून घेतली, दिवे बंद केले आणि मान वर करून उभी राहिले. जिथे कौल सरकलंय किंवा तडकलंय तिथून उन्हाचा कवडसा येतो. प्रत्येक कवडशाजवळच्या वाशावर, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडावर, मी लांब काठीला खडू बांधून खूण केली. शाळेतला खडू, वेगळा आणावा लागला नाही. मग हे कवडसे कागदावरच्या फुल्यांशी ताडून बघितले, तर जुळेचनात. फडताळासमोर दोन बादल्या लागतात आणि तिथे वर एकही भोक नाही. देवाच्या खोलीवर ढळढळीत उजेड आणि तिथे बादली नाही. नानांना दाखवलं तर ते म्हणाले, "पाणी शिरतं येकीकडं नि पडतं दुसरीकडं, वैनी. रिपेवरनं जातं, वाशावरनं उतरतं, जिथं गाठ असंल तिथं सुटतं." म्हणजे कवडसा ही शिरण्याची जागा आणि सासूबाईंची बादली ही पडण्याची. दोन्हींच्या मधला रस्ता वाशावरचे काळपट ओघळ बघत बघत शोधायचा. फडताळासमोरचं पाणी तर चांगलं हातभर वरून, आढ्याजवळच्या, म्हणजे छपराच्या माथ्याजवळच्या, एका कोन्यातून येत होतं. बाहेरून कौलं परतणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

मंगलोरी कौल मी आयुष्यभर बघत आले, पण हातात घेऊन नीट कधी बघितलं नव्हतं. अडीच किलोच्या आसपास वजन. मागच्या बाजूला वर नाक असतं, ते रिपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीवर, अडकतं. दोन्ही कडांना खाच आणि कणा, शेजारचं कौल त्यात बसतं. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात. पूर्वी आपल्याकडे कुंभाराच्या हातचे अर्धगोल नळे असत आणि ते दर वर्षी सगळेच्या सगळे उतरवून पुन्हा रचावे लागत. ही साच्यातली कौलं आली बासेल मिशनच्या लोकांबरोबर. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं १८६५ साली मंगळूरला पहिला कारखाना काढला. तिथल्या नद्यांच्या काठची चिकणमाती या कामाला उत्तम. मालाची ने-आण समुद्रातून, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर हे कौल भराभर पसरलं. आमच्या छपरावर आता निदान तीन-चार कारखान्यांचे छाप सापडतात, आणि कटकटीचं मूळ तेच आहे. प्रत्येक कारखान्याची खाच किंचित वेगळी. एकाचं कौल दुसऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं दिसतं, पण कणा खाचेत पुरता उतरत नाही आणि वारा लागला की उघडं पडतं. आधीच्या वर्षांमध्ये फुटलेल्या जागी मिळेल ते कौल बसवत गेल्यामुळे सबंध छपरात अशी बेमेळ जोडपी झाली होती.

नानांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यांनी नवीन कौलं आणू दिली नाहीत. मागच्या पाखीची, म्हणजे छपराच्या मागच्या उताराची, कौलं उतरवताना छाप बघून वेगळ्या चळती लावायच्या, मग एका पट्ट्यात एकाच छापाची बसवायची. जिथे दोन छापांचा पट्टा मिळेल ती एक उभी रेघ वाशावर आणायची, म्हणजे झिरपलं तरी वाशावरून ओघळत खाली जाईल, मध्येच गळणार नाही. कमी पडली ती जुनीच आणली. हल्ली कौलारू घरं पाडून स्लॅब घालतात, त्यांची उतरवलेली कौलं विकत मिळतात. ती घेताना दोन गोष्टी केल्या. छाप बघितला, आणि प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घेतलं. भाजलेलं, धड कौल खणखणतं. आतून चीर गेलेलं बद्द वाजतं, वरून कितीही चांगलं दिसू दे. विकणारा वैतागला. वैतागू दे.

शेवाळाचाही प्रश्न होता. उत्तरेची पाखी आंब्याच्या सावलीत असल्यामुळे तिथली कौलं हिरवी-काळी झालेली. शेवाळ पाणी धरून ठेवतं, कौल वाळत नाही आणि कडा भुसभुशीत होतात. पुतण्याला गाड्या धुवायचा पंप लावून जोरात पाणी मारायचं होतं. नाना म्हणाले, वरची कातडी निघून जाईल, मग कौल मातीसारखं पाणी पिईल. शेवटी खळ्यात बसून खराट्यानं आणि पोत्याच्या तुकड्यानं घासली. हे काम मी आणि शेजारच्या काकींच्या सुनेनं केलं. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांचं घर आमच्या गडग्यापलीकडे. घासताना कौलाखाली दोन इंगळ्या निघाल्या. हातात मोजे होते म्हणून ठीक.

आता लाकडाकडे येते, कारण बंद घराचा खरा घात तिथे होतो. आमच्या घराला वासे ऐनाचे आणि किंजळीचे, रिपा पोफळीच्या. कौलं उतरल्यावर प्रत्येक वासा हातोडीनं ठोकून बघितला. स्वयंपाकघरावरचे आणि न्हाणीवरचे वासे काळे कुळकुळीत, हात लावला की काजळी येते, आणि आवाज दगडासारखा. ओटीवरचे दिसायला स्वच्छ, तपकिरी, नवे असल्यासारखे, आणि त्यांना बोट जाईल एवढी गोल गोल भोकं. भुंग्यांनी पाडलेली. दोन वाशांवर भिंतीकडून वाळवीच्या मातीच्या नळ्या चढलेल्या. एक वासा ठोकला तर हातोडी आतच गेली. लाकूड एकाच काळातलं, एकाच रानातलं. फरक धुराचा. घरात दोन वेळा चूल पेटायची, न्हाणीतलं पाण्याचं भाणं सकाळ-संध्याकाळ तापायचं, आणि तो सगळा धूर कौलांखालून फिरत फिरत बाहेर पडायचा. स्वयंपाकघराला जास्त, ओटीला कमी, पण मिळायचा. गॅस आला तेव्हा धूर निम्मा झाला, माणूस गेला तेव्हा बंदच. आम्ही मात्र गॅस आल्यावर भिंती काळ्या होत नाहीत म्हणून खूश होतो.

पोखरलेला वासा बदलावाच लागला. बाजारात आकेशियाचा मिळत होता, सरळसोट आणि स्वस्त. नानांनी त्याला हात लावला नाही. आमच्या पडक्या गोठ्याचे ऐनाचे वासे मागच्या अंगणात पडून होते, त्यातला एक निवडून, तासून चढवला. बाकीच्यांच्या भोकांमध्ये रॉकेलचा बोळा कोंबून वरून मेण भरलं. मग सगळ्या नव्या-जुन्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल दिलं. काळं, चिकट, आणि कातडीला लागलं तर भाजतं. हाताला खोबरेल चोपडून, फडकं काठीला बांधूनच लावायचं. वास घरात पुढे बरेच दिवस राहतो. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता तरी वाळवीला कळेल की घरात कोणीतरी आहे."

छपरावर काम करण्याची नानांची एक पद्धत होती, आणि ती मला आधी उगाच वेळकाढू वाटत होती. एका वेळी एकाच गाळ्याची, म्हणजे छपराच्या एका भागाची, कौलं उतरवायची, तेवढ्याचे वासे-रिपा बघायच्या, तेवढं झाकायचं, मग पुढचा गाळा. "सांजच्याला झाकून होईल येवढंच उघडायचं. वर आभाळ कसं का असंना." पुतण्याचं म्हणणं, सबंध पाखी एकदम उतरवली तर काम अर्ध्या वेळात होईल. मे महिन्याचं ऊन बघून मलाही ते पटत होतं.

त्या वर्षी मे महिन्यात ऊन किती टिकलं ते सगळ्यांना आठवत असेल. २० तारखेनंतर आभाळ भरून आलं. समुद्रात कमी दाबाचा पट्टा, मग त्याचं डिप्रेशन, आणि ते २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढलं. २५ तारखेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, २६ ला तो मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. खात्याकडच्या १९५० पासूनच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर तो मुंबईत कधी पोचला नव्हता. रोहिणी लागायची तेव्हा आमच्याकडे मृग बरसत होता.

पाऊस आला तेव्हा पुढची पाखी संपलेली होती आणि मागच्या पाखीचे दोन गाळे राहिले होते. त्यातला एक उघडा. गाव पळापळ करत होतं. पलीकडच्या वाडीत एका घराची सबंध बाजू उतरवून ठेवलेली होती, त्या माणसांनी रात्र पेटारे आणि गाद्या हलवण्यात काढली. आमच्याकडे एका गाळ्यावर ताडपत्री ओढली, कडांना चिरे ठेवले, आणि झालं. दोन-तीन वेळा उघडीप मिळाली, त्यात पुतण्यानं उरलेलं पुरं केलं. ओल्या कौलांवर चढायला नानांनी बांबूची शिडी छपरावर आडवी टाकून दिली, पाय कौलावर नाही, शिडीवर. आणि अनवाणी. मला वादळाची सवय मुंबईतल्या बातम्यांमधून. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते. तौक्तेनंतर आमच्या ओटीवरची कौलं कशी उडाली होती ते सासूबाईंनी सांगितलं होतं. त्या वेळी त्यांनी रात्रभर ओटीचा दरवाजा मुद्दाम उघडा ठेवला होता, वारा आत कोंडून छप्पर उचलू नये म्हणून. बंद घरात तो दरवाजा कोण उघडणार? नानांनी त्यावर उपाय म्हणून वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, दोन ओळींना तारेनं रिपेशी बांधून टाकलं. आधी असं करत नसत. घरात माणूस असताना गरज पडत नव्हती.

पन्हळीचं काम पावसातच झालं, आणि ते बरं झालं. आमच्या घराला मागे न्हाणीची पाखी काटकोनात येऊन मिळते. त्या आतल्या कोनात जस्ती पत्र्याची पन्हळ आहे. ती फणसाच्या पानांनी गच्च भरली होती आणि खालची पानं कुजून काळी माती झाली होती, त्यात एक रोपटंही उगवलेलं. साफ केली, तर पत्र्याला गंजाची भोकं. राजापूरला जाऊन नवा पत्रा वळवून आणला. जवाहर चौकातले दुकानदार तेव्हा खालच्या फळीवरचा माल वर चढवत होते. अर्जुना आणि कोदवली भरल्या की तिथे पाणी येतं हे त्यांना पाठ आहे. पाऊस मात्र या खेपेला त्यांच्याही आधी आला होता. नवी पन्हळ बसवल्यावर भर पावसात खाली उभं राहून बघितलं, पाणी कुठून उडतंय, कुठे कमी पडतंय. कोरड्यात बसवली असती तर हे जुलैमध्ये काकींकडून फोनवर कळलं असतं.

जमिनीवरचं पाणी हा वेगळा विषय. घर उतारावर आहे, मागे दरडीसारखा कापलेला भाग. तिथे जोत्याला समांतर एक चर आहे, जो वर्षभरात पातेऱ्यानं, म्हणजे सुक्या पानांनी, आणि मातीनं भरतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हा चर तुंबला तर पाणी छपरातून नाही, जमिनीतून घरात येतं, आणि तेव्हा बादली कामाची नाही. चर खोदताना सगळी माती मागच्या भिंतीला लावू नका, उताराच्या बाजूला टाका, एवढं एक सांगून ठेवते. खालचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, गावातल्या पोरांनी साफ केला होता. माडांच्या सुक्या झावळ्या आणि विजेच्या तारेवर आलेली आंब्याची फांदी आधीच उतरवून घेतली होती. विहिरीचा गाळ मात्र राहिला. पाणी वाढायला लागलं होतं. ग्रामपंचायतीकडून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणून टाकली आणि काम पुढच्या वर्षावर ढकललं.

घरातली आवराआवर मी एरवी आनंदानं करते, पण बंद घरासाठी करताना हात जड होतो. गाद्या गुंडाळून माळ्यावर दोरीला टांगल्या, भिंतीला टेकवायच्या नाहीत. पितळेची भांडी चिंचेनं घासून, वाळवून, जुन्या धोतरांत बांधली. फ्रीज रिकामा, पुसलेला, दार उघडं. लाकडी कपाटांच्या पाठी भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्या. पुस्तकं पत्र्याच्या डब्यात. सासऱ्यांच्या वह्या मी डोंबिवलीला घेऊन आले, त्या डब्यावरही माझा विश्वास नाही. आमसुलं आणि कुळीथ काकींना देऊन टाकले. लाकूडफाटा आणि शेणी न्हाणीशेजारच्या खोपीत भरल्या. बंद घरात लाकडं कशाला भरता, असं पुतण्यानं विचारलं. त्याचं उत्तर तोवर मला सापडलं होतं.

काकींच्या घराला दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं पत्रा चढवला. कौलं तशीच, वर लोखंडी सांगाडा आणि पत्र्याची शेड. गावात आता असं पुष्कळ घरांना झालंय. गळत नाही, शाकारावं लागत नाही, हे कबूल. पण चूल बाहेर गेली, धूर वर साठतो म्हणून. त्यामुळे काकींना पावसाळ्यात कपडे वाळवायला जागा नाही आणि लाकडं कोरडी ठेवायलाही. आमच्या स्वयंपाकघरात चुलीवर आडवी वलणी आहे, सासूबाई पावसात तिथेच कपडे वाळवायच्या. मी काकींना म्हटलं, किल्ली तुमच्याकडे राहू दे. लाकडं आमची वापरा, कपडे आमच्याकडे वाळवा. फक्त चूल पेटवा आणि माजघराचं दार उघडं ठेवा, धूर ओटीपर्यंत जाऊ दे. काकींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "नि पाणी तापवलं तर चालेल काय गो? माझ्या पोराच्या त्या गिझरानं अंगाला पाणी लागल्यासारखं वाटत नाय." न्हाणीतलं भाणं चिंचेनं घासून ठेवलेल्या भांड्यांमधून पुन्हा सोडवलं.

मग त्यांना मी काठी दाखवली. खरं तर त्यांनीच मला दाखवली. लांब बांबू, टोकाला फडकं गुंडाळलेलं. आमच्या घराला आतून छत नाही, कौलं खालून दिसतात. पाऊस चालू असताना कुठे टपकायला लागलं तर आतूनच काठीनं कौल हलकेच वर ढकलून बाजूला सारायचं, ते खाचेत पुन्हा बसतं. छपरावर जावं लागत नाही. मंगलोरी कौलाची हीच खुबी आहे आणि ती फक्त खाली माणूस उभा असेल तर उपयोगाची. बादल्यांचा कागद मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला, जुन्या फुल्या तशाच ठेवून.

जुलैमध्ये काकींचा फोन आला. फडताळासमोर कोरडं आहे. झोपाळ्याखाली कोरडं आहे. देवाच्या खोलीत नवीन जागी टपकत होतं, काठीनं सारलं, थांबलं. ओटीवर भुंगे दिसले नाहीत. तुझ्या कागदावर नवी फुली मारू की नको? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि नेमकी जागा कुठली, देवाच्या उजवीकडे की डावीकडे, यावर बराच वेळ बोलल्या.

पुढच्या वर्षीचं अजून भांडण चालू आहे. पाऊस मेमध्ये येणार असेल तर रोहिणीचा दंडक धरून बसण्यात अर्थ नाही, काम शिमग्याला उरकावं, असं माझं म्हणणं. सासूबाईंना माकडं दिसतात. नानांनी तोड काढली आहे: वासे, पन्हळ, चर आणि विहिरीचा गाळ शिमग्यानंतर लगेच, तेव्हा आम्ही पालखीला जातोच, कौलं मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात, तीही गाळ्यागाळ्यानंच. आगाऊ पैसे शिमग्यालाच हातावर ठेवायचे, नाहीतर ते दुसऱ्या वाडीचं काम धरतील. काकींची एक अट आहे. त्यांच्या पत्र्याखालची कौलं फुकट जातायत, ती उतरवून आमच्याकडे वापरा, आणि त्यांच्या पडवीपुरता तरी पत्रा काढायला मुलाला आम्ही समजवावं. छाप आमच्यातल्या एका चळतीशी जुळतो, ते मी निघतानाच बघून आले आहे.